जखमी वन्यजीव सापडल्यास काय करावे आणि काय टाळावे

कोल्हापूर जिल्ह्यात जंगल आणि शेत यांच्यामध्ये रेघ ओढता येत नाही. पश्चिमेला १९५८ साली घोषित झालेले, गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले राधानगरी अभयारण्य आहे आणि पूर्वेला नजर पोहोचेल तिथपर्यंत ऊस आहे. त्यामुळे मांजात अडकलेली घार, उसाच्या फडात सापडलेली पिल्ले किंवा पुराच्या पाण्याबरोबर घरात आलेला नाग यांच्याशी आपली गाठ केव्हाही पडू शकते. अशा वेळी आपल्या हातून पहिल्या तासाभरात जे घडते किंवा टळते, त्यावर त्या जीवाचे पुढे काय होणार हे बरेचसे ठरते.

पहिली गोष्ट म्हणजे गर्दी हटवणे. वन्यप्राण्याच्या दृष्टीने माणूस हा शिकारी असतो. प्रेमाने पाठीवरून फिरवलेला हातदेखील त्याला जिवावर बेतल्यासारखाच वाटतो. गवा, सांबर, भेकर यांसारखे खुरांचे प्राणी पाठलागाने इतके घाबरतात, की शरीराचे तापमान वाढून आणि स्नायू निकामी होऊन पकडल्यानंतरही दगावतात. डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूड भागात आलेला गवा लोकांच्या धावपळीनंतर असाच मरण पावला. पुढच्याच वर्षी डिसेंबरात गवा कोल्हापूर शहरापर्यंत येऊन पोहोचला होता. पुन्हा तशी वेळ आली, तर त्याच्या मागे मोटारसायकली न घालता, चित्रीकरणासाठी पुढे न जाता, त्याला परत जायला मोकळी वाट ठेवणे हीच त्याला केलेली खरी मदत ठरेल.

दुसरी गोष्ट म्हणजे प्राण्याला खरोखर मदत हवी आहे का, हे पाहणे. उन्हाळ्यात बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिसे फुटलेली, आखूड शेपटीची पिल्ले जमिनीवर उड्या मारताना दिसतात. ती उडायला शिकत असतात आणि त्यांचे आईबाप जवळच्या झाडावरून त्यांना भरवत असतात. मांजर-कुत्रे दूर ठेवून तासभर लांबून लक्ष ठेवावे. फार तर पिल्लाला उचलून जवळच्या फांदीवर बसवावे. पिसे न फुटलेले पिल्लू मात्र घरट्यात परत ठेवावे, आणि घरटेच पडले असेल तर तळाला भोके असलेली लहान टोपली त्याच झाडाला बांधून त्यात ठेवावे. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, ही समजूत चुकीची आहे.

मांजात अडकलेली घार किंवा घुबड हाताळताना मागच्या बाजूने जाऊन जाड सुती कापड अंगावर टाकावे. डोळे झाकले गेले की पक्षी बऱ्याच अंशी शांत होतो. मग पंख अंगाशी मिटलेल्या स्थितीत धरून त्याला उचलावे. शिकारी पक्ष्याच्या चोचीपेक्षा त्याच्या नख्या जास्त धोक्याच्या असतात, म्हणून पाय आवरण्याकडे आधी लक्ष द्यावे. पंखात रुतलेला मांजा ओढून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण तो मांसात आणि शिरांपर्यंत गेलेला असतो आणि ओढताच रक्तस्राव वाढतो. दोन्ही बाजूंना बोटभर लांबीचा मांजा ठेवून बाकीचा कात्रीने कापावा आणि उरलेले काम पशुवैद्यकावर सोपवावे. पक्षी ठेवायला हवेसाठी भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके सर्वांत चांगले. पिंजऱ्याच्या तारांवर आपटून त्याची पिसे तुटतात. खोक्याच्या तळाशी जुनी सुती चादर घालावी आणि खोके अंधाऱ्या, शांत जागी ठेवावे. पाणी चोचीत ओतू नये, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी गुदमरतो. दूध, पाव, भात यांपैकी काहीही देऊ नये. जखमेत हळद किंवा तेल भरणे हे घरच्या सवयीचे असले, तरी तेलाने पिसे चिकटतात आणि पक्ष्याला पुढे उडणे कठीण होते. खोक्यावर पक्षी सापडल्याचे ठिकाण आणि वेळ आठवणीने लिहावी, कारण बरा झाल्यावर त्याला तिथेच सोडायचे असते.

यानंतर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ताब्यात आलेला वन्यप्राणी ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्यांना कळवून सुपूर्द करणे बंधनकारक आहे. त्याला लळा लावून घरी वाढवणे हा गुन्हा तर आहेच, शिवाय माणसाळलेला प्राणी जंगलात जगू शकत नाही. माकड, कोल्हा, वटवाघूळ यांना उघड्या हाताने शिवू नये. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी. साप दिसल्यास अंतर राखून सर्पमित्राला बोलवावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार विषारी साप ओळखता येत असले, तरी स्वतः पकडायला जाऊ नये. दंश झालाच तर चिरा देणे किंवा दोरी आवळणे टाळून, तो अवयव न हलवता रुग्णाला ताबडतोब कोल्हापूरच्या सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या शासकीय रुग्णालयात न्यावे.

ऊसतोडीच्या हंगामात सर्वाधिक चुका बिबट्याच्या पिल्लांबाबत होतात. फडात पिल्ले दिसली की ती अनाथ आहेत असे समजून उचलली जातात. प्रत्यक्षात मादी दिवसा त्यांना पाल्यात लपवून जवळपासच असते. अनेकदा ती बिबट्याची नसून रानमांजराची किंवा वाघाटीची (ठिपक्यांच्या छोट्या रानटी मांजराची) असतात, पण करायचे तेच असते: तोड थांबवावी, कोयता-टोळीतील मुलांना बाजूला न्यावे, पिल्लांना हात न लावता वनविभागाला बोलवावे. वनकर्मचारी पिल्ले तपासून त्याच जागी उघड्या खोक्यात ठेवतात, शेजारी कॅमेरा लावतात आणि सर्वांना दूर नेतात. अंधार पडल्यावर मादी येते आणि एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. ती पहिल्या रात्री आली नाही, तर हा प्रयत्न पुन्हा करावा लागतो आणि तोवर तो तुकडा तोडू नये. शेतकऱ्याची दोन दिवसांची खोटी होते, हे खरे. परंतु पिल्ले नाहीशी झाल्याने चवताळलेली मादी त्याच शिवारात फिरत राहणे कितीतरी अधिक धोक्याचे असते.

बिबट्या नुसता दिसला म्हणून त्याला पकडून न्या, ही मागणीही फारशी उपयोगाची नाही. रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरा बिबट्या येतो, आणि जुन्नर परिसरातून पकडून इतरत्र सोडलेल्या बिबट्यांमुळे सोडलेल्या भागांत माणसांवरील हल्ले वाढल्याचे अभ्यासातून दिसून आले आहे. त्यापेक्षा शेळ्या-मेंढ्यांसाठी वरून झाकलेला गोठा, विहिरीला कठडा आणि वस्तीजवळ कोंबड्यांच्या टाकाऊ मांसाची नीट विल्हेवाट हे उपाय टिकाऊ आहेत, कारण अशा मांसावर कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. रात्री पाणी पाजायला जाताना दोघांनी जावे, बॅटरी आणि काठी बाळगावी, मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे. उसाच्या कडेला एकट्याने वाकून किंवा बसून काम करणे शक्यतो टाळावे.

जनावर मारले गेलेच, तर ते जागचे हलवू नये आणि रागाच्या भरात त्यावर विष टाकू नये. त्या विषाने कोल्हे, घारी आणि गावातली कुत्रीही मरतात. वनरक्षकाला लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा, छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पशुवैद्यकीय अहवाल जोडून नुकसानभरपाईचा अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यावा.