नवीन सर्व्हर लावताना या चुका टाळा (यातली सगळ्यात महागडी माझीच आहे)

महिन्यातून एकदा तरी फोन येतो, "दादा, सर्व्हर घेतला, साईट दिसूलालीय, पण..." आणि त्या 'पण'च्या पुढं काय येणार हे मला आता तोंडपाठ झालंय. आपल्या बेळगावात हे काम करणारी पोरं वाढलीत, टिळकवाडीत घरी बसून पुण्या-बेंगळूरची गिऱ्हाइकं सांभाळतात, चांगलंच आहे की. पण व्हिडिओ बघून वीस मिनिटांत सर्व्हर लावायचा, आपल्याच लॅपटॉपवर होमपेज उघडलं की बिल पाठवायचं, याला मी टेस्टिंग म्हणत नाही.

सगळ्यात आधी डोमेन, म्हणजे साईटचं नाव, नव्या सर्व्हरकडं फिरवण्याची घाई. हे मी दुसऱ्याचं सांगत नाही, माझंच सांगतो. उद्यमबागेत एक कास्टिंगवाले आहेत, त्यांची साईट जुन्या शेअर्ड होस्टिंगवर (अनेकांत वाटलेल्या सर्व्हरवर) होती आणि मेलपण तिथंच. मी नवीन व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा स्वतंत्र आभासी सर्व्हर, घेतला, साईट हलवली, शनिवारी संध्याकाळी नेमसर्व्हर, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर, बदलले, नवीन झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या यादीत) दोन ए रेकॉर्ड, म्हणजे नावाचा आयपी पत्ता सांगणाऱ्या नोंदी, टाकले, एक नुसत्या डोमेनचा आणि एक डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूचा, साईट उघडली, मोबाईलवरपण उघडली, खूश होऊन घरी गेलो. बुधवारी मालकांचा फोन. "काय ओ, साईट मस्त पळूलालीय, पण दोन दिवस झाले एक एन्क्वायरी नाही, साईट बदलली म्हणून धंदा बसला काय?"

धंदा बसला नव्हता, एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे डोमेनची मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायची ती नोंद, टाकायचा मी विसरलो होतो. गंमत म्हणजे एमएक्स नसला तरी मेल पाठवणारा सर्व्हर लगेच हात टेकत नाही. तो ए रेकॉर्ड बघतो आणि तिथंच मेल द्यायला जातो, म्हणजे माझ्या नव्या सर्व्हरवर, जिथं मेल आत घ्यायचं पंचवीस नंबरचं पोर्ट बंद. मग थोड्या थोड्या वेळानं परत दार वाजवत बसतो, बहुतेक सर्व्हर चार-पाच दिवस तरी वाजवतात. म्हणून बाउन्स (पोचली नाही म्हणून परत आलेली मेल) नाही, तक्रार नाही, कुणाला पत्ताच नाही. त्यात डॉट कॉमच्या रजिस्ट्रीत नेमसर्व्हरची नोंद १,७२,८०० सेकंदांची असते, म्हणजे इतर सर्व्हर ती पूर्ण दोन दिवस साठवून वापरू शकतात, त्यामुळं ज्यांच्याकडं जुनं उत्तर साठलेलं होतं त्यांच्या मेल रविवारी-सोमवारी जुन्या मेलबॉक्सात व्यवस्थित पोचत होत्या आणि मालकांना वाटलं सगळं सुरळीत आहे. मी एमएक्स टाकला तरी चालेना, कारण तो ज्या मेल सबडोमेनकडं बोट दाखवत होता त्याचा ए रेकॉर्डपण मी नेला नव्हता. तो टाकल्यावर रात्री अडकलेल्या बऱ्याच मेल आल्या. सगळ्या आल्या का, हे मालकांनी मला दोन वर्षं विचारलं.

तेव्हापासून माझी सवय अशी. जुना झोन उघडायचा आणि एकूण एक ओळ वहीत उतरवायची, हो, वहीत, पेनानं, कारण कॉपी-पेस्ट करताना डोळा फिरत नाही. एमएक्स, टीएक्सटी नोंदीतलं एसपीएफ (आपल्या नावानं मेल कोण पाठवू शकतं ते), मेलवरची सही तपासायची डीकेआयएमची ती लांबलचक किल्ली, कुठलंतरी विसरलेलं सबडोमेन, सगळं. बदलणार असलेल्या रेकॉर्डांचा टीटीएल, म्हणजे उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा, आदल्या दिवशी ३०० करायचा. तो ८६,४००, म्हणजे पूर्ण दिवस, असेल तर आदल्या दिवशीच करायला लागतो, बदलायच्या पाच मिनिटं आधी करून काय उपयोग? आणि डोमेन फिरवायच्या आधी आपल्या लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये (फक्त त्या लॅपटॉपपुरता नावाचा पत्ता ठरवणारी फाइल) नवा आयपी टाकून पूर्ण साईट चाळायची, फॉर्म भरून, लॉगिन करून. नंतर ती ओळ काढायची! एकजण तीन आठवडे ती ओळ तशीच ठेवून "माझ्याकडं तर दिसतंय" म्हणत बसला होता.

जुनं होस्टिंग महिनाभर चालू ठेवा. चार पैसे जास्त जातील, जाऊ देत.

दुसरं म्हणजे अक्षरं, आणि हे आपल्याकडं जास्त नडतं कारण इथं साईट मराठीत, कन्नडात आणि इंग्लिशमध्ये अशी तिन्ही भाषांत लागते, आणि व्हिडिओवाल्याचा डेमो फक्त इंग्लिशमध्ये असतो. 'निपाणी' बघा. डोळ्याला तीन अक्षरं, पण कॉम्प्युटरला सहा खुणा, कारण वेलांटी आणि काना वेगळे मोजले जातात, आणि प्रत्येक खुणेला यूटीएफ-आठमध्ये (अक्षरं साठवायची आजची पद्धत) तीन बाइट, म्हणजे अठरा बाइट. जुना डेटाबेस लॅटिन-वन (युरोपियन अक्षरांपुरती जुनी पद्धत) असेल आणि तुम्ही डोळे झाकून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची फाइल, काढून नव्या सर्व्हरवर ओतला, तर दोनपैकी एक होतं. एक, निपाणीच्या जागी टोप्या-शेपट्या लावलेली युरोपियन अक्षरांची माळ दिसते. घाबरू नका, अठराच्या अठरा बाइट जिवंत आहेत, डंप लॅटिन-वन म्हणूनच काढायचा, त्यातली कॅरॅक्टर सेटची ओळ वगळायची आणि आत घेताना टेबलांसकट यूटीएफएट-एमबीफोर (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-आठ) सांगायचं, बहुतेकवेळा परत येतं. दोन, सहा प्रश्नचिन्हं दिसतात. डेटाबेसमध्येच प्रश्नचिन्हं पडली असतील तर विषय संपला, तिथं आता खरोखरच प्रश्नचिन्हं आहेत, जुना बॅकअप शोधा.

मायएसक्यूएल डेटाबेसमधलं नुसतं यूटीएफएट, एमबीफोर नसलेलं, एका खुणेला तीन बाइटांपर्यंतच जातं. मराठी चालते, कन्नड चालते, रुपयाची खूणपण चालते, आणि मग कुणीतरी अभिप्रायात हात जोडलेला इमोजी टाकतो, त्याला चार बाइट लागतात. स्ट्रिक्ट मोड (चुकीचा डेटा नाकारायची सेटिंग) असेल तर एरर येते, नसेल तर बऱ्याचदा इमोजीपासून पुढचं सगळं कापलं जातं, गुपचूप. म्हणून माझी टेस्टची ओळ ठरलेली आहे, त्यात ळ, ज्ञ, कऱ्हाड, एक कन्नड शब्द, रुपयाची खूण आणि शेवटी इमोजी आणि इमोजीनंतर 'संपलं' हा शब्द. 'संपलं' दिसला तरच पुढं जायचं.

फायरवॉल. उबुंटू लिनक्सवरचा यूएफडब्ल्यू चालू करताना तो स्पष्ट विचारतो की तुमचं एसएसएच (लांबून सर्व्हरवर लॉगिन) तुटू शकतं, करू काय? आणि उतावळा गडी वाय दाबतो. आधी एसएसएचला परवानगी, मग फायरवॉल, मग पहिली खिडकी उघडीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघायचं. त्यात आमच्याकडं पावसाळ्यात लाईट नेमकी याच वेळेला जाते, म्हणून मी दहा मिनिटांनी फायरवॉल आपोआप बंद करणारा एक ॲट जॉब (ठरल्या वेळी एकदाच चालणारी कमांड) लावून ठेवतो, सगळं ठीक झालं की तो काढतो.

पासवर्ड लॉगिन बंद केलं असं नुसतं समजू नका. उबुंटूच्या क्लाउड इमेजमध्ये (भाड्याच्या सर्व्हरवर मिळणाऱ्या तयार सिस्टिममध्ये) मुख्य फाइलच्या आधी एक वेगळी छोटी फाइल वाचली जाते, तिच्यात पासवर्ड चालू असेल तर तुमची खालची ओळ कुणी विचारत नाही. एसएसएचडीला (एसएसएचचा सर्व्हरवरचा प्रोग्राम) मोठा टी देऊन विचारा, सगळ्या फाइली मिळून खरं काय लागू होतंय ते सांगतो.

फाइलच्या परवानगीचा घोळ झाला की ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळं मोकळं? नको. फाइलचा मालक कोण आहे तेवढं बघा.

लेट्स एन्क्रिप्टवर (एचटीटीपीएसचं फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था) प्रयोग करायचे तर त्यांच्या स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, करा. त्याच नावांचं सर्टिफिकेट आठवड्यात पाच वेळा मिळतं, सहाव्याला थांबायला लागतं, आणि तेव्हा गिऱ्हाईक समोर बसलेलं असतं. रिन्यूची ड्राय-रन (नुसती तालीम) आजच करा.

सर्व्हरचं घड्याळ बहुतेकवेळा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं, असतं. रात्री दोनचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) म्हणजे आपल्याकडं सकाळचे साडेसात, बॅकअप चालू आणि इकडं लोक साईटवर.

बॅकअप त्याच डिस्कवर ठेवणाऱ्याला मी काही सांगत नाही.

आणि शेवटी रिबूट. गिऱ्हाइकाला फोन करायच्या आधी सर्व्हर पूर्ण बंद करून चालू करा, कशालाही हात लावू नका, वायफाय बंद करून मोबाईल डेटावर साईट उघडा. गेल्या महिन्यात एकाची उघडली नाही, वेब सर्व्हर आला होता, डेटाबेस बूटला, म्हणजे सर्व्हर चालू होताना आपोआप यायला, इनेबलच केला नव्हता. चार महिने कुणी रिबूट केलं नव्हतं म्हणून चालत होतं.