पहिल्यांदाच स्वतःच्या हातानं कोंबडं कापणार असाल तर

आखाड जवळ आला किंवा गावची म्हाई, म्हणजे देवीची जत्रा, ठरली की घरातलं एखादं तरणं पोरगं बाजूला घेऊन विचारतंय, काका यंदा मी कापू का. विचारतानाच तोंडावरनं कळतंय की निम्मं मन हो म्हणतंय आणि निम्मं नको. हे त्या पोरांसाठी लिहितोय, आणि पुण्या-मुंबईत राहून सुट्टीला गावाकडं येणाऱ्या, वशाट आवडीनं खाणाऱ्या पण जिवंत कोंबडं कधी हातात न धरलेल्या लोकांसाठी पण. कापायचं कसं हे पाच मिनिटांत सांगून होतंय, अवघड असतंय ते त्याच्या आधीचं आणि नंतरचं, आणि त्यावर आपल्यात कोण बोलतच नाही.

आपल्या भागात शिकारीचं वेड जुनं. कोल्हापूर संस्थानात शिकवलेले चित्ते सोडून काळविटाची शिकार व्हायची, राजर्षी शाहू महाराज स्वतः पट्टीचे शिकारी, न्यू पॅलेसच्या म्युझियममध्ये पेंढा भरलेली जनावरं आजही बघायला मिळत्यात. पुढं १९५८ ला दाजीपूरला अभयारण्य झालं आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार हा विषयच संपवला, सांबर, भेकर, ससा, तित्तर, मोर कशालाच हात लावायचा नाही, आणि कुणी रात्री बॅटरी घेऊन रानात चल म्हणाला तर अजिबात जायचं नाही, सरळ तुरुंग आहे. अमेरिकेत अजून लोक परवाना काढून ठरलेल्या हंगामात हरणाची शिकार करत्यात, आणि तिथं पहिल्यांदा हरीण समोर आलं की भल्याभल्यांची छाती धडधडायला लागती, हात थरथरतोय, श्वास लागतोय, नेम धरलेला असून बोट चालत नाही. त्याला ते बक फिव्हर म्हणत्यात, आणि नव्या शिकाऱ्याला ते होणारच हे धरून चालत्यात. आपल्याकडं स्वतःच्या जेवणासाठी स्वतः जीव घ्यायची वेळ येती ती परड्यात, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, कोंबड्यासमोर, पण होतंय अगदी तेच. फरक एवढाच की आपल्याकडं चार जण उभं राहून हसत्यात, आणि पोरगं ते हसणं टाळायला घाई करतंय, आणि घाईत त्या कोंबड्याचे हाल होत्यात.

सवय नसण्याला कारण पण आहे. आपल्या गावगाड्यात हे काम मुलाण्याचं, जत्रेचा बकरा असो नाहीतर घरातलं कोंबडं, हिंदूच्या घरात पण मुलाणी येऊन हलाल करून द्यायचा आणि त्याचा वाटा ठरलेला असायचा. अजूनही कितीतरी गावांत हेच चालतंय. आता चिकन सेंटरवाला करतोय. म्हणजे पिढ्यानपिढ्या मटण खाणाऱ्या घरात सुद्धा स्वतः सुरी धरलेला माणूस सापडेलच असं नाही, त्यामुळं हात थरथरला तर आपण मर्द नाही वगैरे डोक्यात आणू नका. आणि घरात बायका कापत असतील तर त्यांच्याकडनं शिका, आमच्या आज्जीचा हात बघून शिकलेली माणसं आहेत घरात.

पहिली गोष्ट, आदल्या दिवशी ठरवायचं, कापायचं की नाही. नको वाटत असेल तर नको म्हणा, खाणारा प्रत्येक जण कापणारा असलाच पाहिजे असा काही नियम नाही. पण एकदा हो म्हटलं की सुरी गळ्याला लावल्यावर विचार बदलायचा नाही, कारण अर्धवट मनानं दिलेली सुरी अर्धवटच जाती, आणि कोंबड्याच्या दृष्टीनं सगळ्यात वाईट तेवढंच असतंय. माझं सगळं सांगणं फिरून फिरून इथंच येणार आहे. कोंबड्याला दुखायचं ते तुमच्या भीतीनं दुखत नाही, तुमच्या चाचरण्यानं दुखतंय, आणि भीती घालवता येत नसली तरी चाचरणं तयारीनं कमी करता येतंय.

कोंबडं कुठलं धरायचं हे पण बघा. पोरांनी नाव ठेवलेलं, हातातनं दाणं खाणारं कोंबडं पहिल्यांदा मुळीच नको. घरच्यातलंच दुसरं एखादं किंवा आठवडी बाजारातनं आणलेलं दीड किलोच्या आसपासचं बरं पडतंय. गिरीराज जातीचं कोंबडं अंगानं थोराड असतंय, नव्या माणसाच्या हातात ते मावत नाही. कोंबडं आजारी, मान टाकून बसलेलं, नाका-डोळ्यातनं पाणी येणारं असेल तर कापू नका, खाऊ पण नका. आणि हे सगळं गावाकडं परड्यात करायचं, कोल्हापुरात अपार्टमेंटच्या गच्चीवर किंवा पार्किंगमध्ये नाही. शहराच्या हद्दीत परवान्याच्या कत्तलखान्याबाहेर जनावर कापायला २००१ च्या नियमांनी मनाई आहे, आणि शेजाऱ्यांना पण ते बघायला लावणं बरोबर नाही.

रात्रीच डालग्याखाली, म्हणजे टोपलीखाली, वेगळं झाकून ठेवा, आठ ते बारा तास दाणा द्यायचा नाही पण पाणी ठेवायचं. पोट रिकामं असलं की साफ करताना घाण होत नाही. सकाळी उजाडायच्या आधी धरलं तर शांत असतंय, दिवसा परडंभर पळवून धरलेलं कोंबडं घाबरून दमलेलं असतंय आणि तुम्ही पण दमलेले असताय, दोघांचं पण वाईट.

सुरी. यात तडजोड करू नका. घरातली कांदा चिरायची सुरी चालत नाही. पातळ पात्याची, बोटभरापेक्षा चांगली लांब सुरी घ्या आणि आदल्या दिवशी धार लावून आणा, पिकल्या टोमॅटोवर नुसती ठेवून ओढली की सालीत उतरली पाहिजे, दाब द्यावा लागला तर परत धार लावा. पोरांचा हात डगमगतोय म्हणून मी कितीदा बघितलंय, दर वेळी निम्मा दोष बोथट सुरीचा निघतोय. ओंडक्यावर मान ठेवून कोयत्यानं एका घावात मुंडकं उडवायची पण पद्धत आहे, ती जलद आहे पण नेम चुकला तर फार वाईट, शिवाय दुसऱ्या हाताची बोटं तिथंच असत्यात, म्हणून नव्या माणसाला मी ती सांगत नाही.

गर्दी नको. तुम्ही, एक जाणता माणूस, बास. मोबाईल घरात. रील करायला आलेल्याला हाकलून द्या. आणि दारू पिऊन सुरी हातात घ्यायची नाही, आखाडातल्या पार्टीत हे हमखास होतंय म्हणून मुद्दाम सांगतोय.

आता धरणं. पंख दोन्ही बाजूनं अंगाला दाबून उचला आणि जरा वेळ छातीशी धरा. त्याचं काळीज तळहाताला लागतंय, इतकं भराभर की नवा माणूस तिथंच गळून जातोय, बिचारं किती घाबरलंय म्हणून. पण कोंबड्याचं काळीज एरवी पण मिनिटाला अडीचशेच्या वर ठोके देतंय, ती त्याची रोजचीच चाल आहे. डोळ्यावर हात किंवा फडकं ठेवलं की ते गप होतंय. तुमचं स्वतःचं काळीज मात्र खरंच धावत असतंय, तर तिथं चार-पाच वेळा सावकाश श्वास सोडा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावा, खांदे खाली येऊ द्या. देवाला द्यायचं असेल तर आपल्याकडं अंगावर पाणी शिंपडून ते अंग झाडतंय का बघत्यात, हळद-कुंकू लावत्यात. देवाचं नसलं तरी काही जण मनातल्या मनात हात जोडत्यात. मला ते आवडतंय, आणि तेवढ्या वेळात मन पण ठिकाणावर येतंय.

पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या कॅनचं तोंड रुंद कापायचं आणि तळ काढायचा, तो उलटा करून खांबाला बांधायचा, कोंबडं डोकं खाली करून त्यात सोडायचं, मान बाहेर येती आणि पंख आत राहत्यात. एकट्यादुकट्याला याच्यापेक्षा सोपं काही नाही. पंख फडफडत नाहीत, रक्त अंगावर उडत नाही, आणि मुख्य म्हणजे तुमचा एक हात मोकळा राहतोय. डाव्या हातानं डोकं धरून मान हलकी ताणा, जबड्याच्या लगेच खाली पिसं बोटानं बाजूला सारा, कातडी दिसू द्या. पिसांवरनं सुरी घसरती, हे कोण सांगत नाही. मग एकदाच, न थांबता, दाबण्यापेक्षा ओढत, दोन्ही बाजूच्या मोठ्या शिरा तुटतील एवढं खोल. रक्त धारेनं आलं की झालं, नुसतं थेंब थेंब येत असेल तर शीर चुकली, तिथं डोळे झाकून उभं राहायचं नाही, लगेच दुसऱ्यांदा सुरी द्यायची. शेजारचा जाणता माणूस त्यासाठीच आहे, तुमचा हात थांबला तर त्यानं सुरी घ्यायची हे आधीच बोलून ठेवा.

शुद्ध काही सेकंदांत जाती. पण त्यानंतर पाय झाडणं, पंख मारणं मिनिट-दीड मिनिट चालतंय, कधी कधी सगळं थांबलं म्हणताना परत एक जोराचा झटका येतोय. पहिल्यांदा कापणारा इथं सगळ्यात जास्त हादरतोय, त्याला वाटतंय ते अजून जिवंत आहे, त्याला कळतंय, मी चुकलो. तसं नसतंय. मेंदूचा ताबा सुटला की मणक्यातल्या नसा आपोआप अंग हलवत्यात. तरी दीड-दोन मिनिटं डोकं सोडू नका, डोळ्याच्या बुबुळाला बोट लावून पापणी हलत नाही ना बघा, मगच गरम पाण्याकडं न्या. जिवंतपणी पाण्यात पडलेलं कोंबडं ही कल्पना पण करवत नाही.

पाणी उकळतं नको, साठ-पासष्ट डिग्री म्हणजे बोट घातलं की झटकन मागं घ्यावं लागेल एवढं. मिनिटभर बुडवून हलवा, शेपटीचं पीस ओढून बघा, सहज आलं की काढा बाहेर. पिसं काढून झाली की पाचटाच्या जाळावर फिरवून बारीक लव जाळायची आणि हळद चोळायची, गावरानची चव त्या कातडीतच असती, सोलून टाकू नका. पोट फाडताना पित्ताची हिरवी पिशवी कलेजीला चिकटलेली असती, ती फुटली तर सगळं कडू, तेवढी संभाळा.

याच वेळी पोराचं मन कुठं असतंय बघा. काही जण एकदम गप होत्यात. काहींना रडू येतंय, काहींना मळमळतंय, काहींचे हात अर्ध्या तासानं थरथरायला लागत्यात, काम होईपर्यंत काही वाटलेलंच नसतंय. आणि काहींना काहीच होत नाही, मग ते घाबरत्यात की आपण दगड आहे का काय. सगळं चालतंय. माझं ऐकाल तर लगेच कुणाला सांगायला जाऊ नका, सगळ्यांच्यात शाबासकी पण घेऊ नका. हात स्वच्छ साबणानं धुवा, चहा घ्या, आणि मसाला वाटायच्या कामाला लागा, हातांना काम असलं की डोकं निवतंय. रात्री झोपताना ते डोळ्यापुढं आलं तर घरातल्या थोरल्या माणसाला सांगा, त्यांच्या पण पहिल्या वेळची गोष्ट बाहेर येती, मी बघितलंय, जे आण्णा बाहेर रुबाबात असत्यात ते इथं हळू आवाजात बोलत्यात.

ताटात वाढलेलं जाईना तरी जबरदस्ती नको. गप खा, एवढं काय त्यात, हे वाक्य त्या दिवशी घरात कुणी बोलू नये, आयांनी आणि मावश्यांनी पण. आळणीचा, म्हणजे बिनतिखटाचा, वाटीभर रस्सा पिऊन उठलं तरी चाललं. काही जण पुढं महिनाभर मटण खात नाहीत, एखाद्यानं कायमचं सोडलं तरी त्याला चिडवायचं कारण नाही, त्यानं स्वतः हातानं करून बघून ठरवलंय. बहुतेक जण मात्र खात राहत्यात, फक्त ताटात टाकत नाहीत, हाडाला चिकटलेलं पण निपटून खात्यात, आणि लग्नाच्या पंगतीत अर्धं खाऊन टाकलेलं मटण बघितलं की त्यांना राग येतोय. मला तो राग बरोबर वाटतोय.

शिजवायचं असेल तर एक तर लगेच चुलीवर चढवा, नाहीतर फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी करा. मधल्या वेळात मांस ताठरतंय आणि तेव्हा शिजवलं की चिवट लागतंय, गावरान तर आधीच वेळ घेतंय.

लहान पोरं घरात असतील तर त्यांना मुद्दाम दाखवू नका आणि विचारलं तर खोटं पण सांगू नका, कोंबडं उडून गेलं असलं काहीतरी. कापलं आणि आता आपण ते खाणार आहे, एवढं सरळ सांगितलं तरी पोरांना कळतंय, पुढं काय विचारायचं ते ती स्वतः विचारत्यात. पिसं आणि आतडी उकिरड्यावर उघडी टाकायची नाहीत, कुत्री ओढत घरभर आणत्यात, दोन हात खड्डा काढून वर चुना किंवा राख टाकून बुजवा. नारळाच्या बुंध्याशी खड्डा काढला तर झाडाला पण उपयोग होतोय.