इंटरनेट नेमकं कुठे अडतंय? पिंग, ट्रेसर्ट आणि एनएसलुकअपने शोधायची रीत

इंटरनेट अडखळलं की पहिला हात राउटरच्या बटणाकडे जातो. बंद-चालू केल्यावर बऱ्याचदा ते सुरूही होतं, पण बिघाड कुठे होता ते कळायची संधी गेलेली असते आणि तोच त्रास पुन्हा डोकं वर काढतो. म्हणून बटण दाबण्याआधी दहा मिनिटं चाचण्यांना द्या. लागणारी साधनं विंडोजमध्ये आधीपासूनच असतात. स्टार्टमध्ये सीएमडी शोधून कमांड प्रॉम्प्ट उघडा. इथे कमांड देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अक्षरं इंग्रजी लहान लिपीत आणि अंकही इंग्रजीच घ्या.

तपासायचा क्रम जवळून दूर असा ठेवा: आपला कॉम्प्युटर, राउटर, इंटरनेट कंपनीची लाइन, बाहेरचं इंटरनेट आणि शेवटी डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा. मधला टप्पा गाळला तर निष्कर्ष हमखास चुकतो.

त्याआधी एक नजर दिव्यांवर. फायबरच्या डब्यावरचा एलओएस (सिग्नल नसल्याचा) दिवा लाल असेल, तर प्रकाशाचा सिग्नलच पोहोचत नाही. केबल तुटली आहे, दुमडली आहे किंवा कनेक्टर सैल आहे. अशा वेळी पुढची एकही चाचणी करू नका, थेट तक्रार नोंदवा. फायबरचं टोक स्वतः काढून पुसायला जाऊ नका, आणि त्यात डोकावून तर अजिबात पाहू नका.

दिवे ठीक असतील तर पहिली कमांड, स्पेलिंग आय-पी-सी-ओ-एन-एफ-आय-जी:

आयपीकॉन्फिग /ऑल

यात दोन गोष्टी बघा, आयपीव्ही४ पत्ता (नेटवर्कवरचा आपल्या कॉम्प्युटरचा अंकी पत्ता) आणि डिफॉल्ट गेटवे. गेटवे म्हणजे आपला राउटर. बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आपला पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि कॉम्प्युटरने स्वतःच एक घेऊन ठेवला आहे. दोष केबलचा, वाय-फायचा किंवा राउटरच्या डीएचसीपीचा, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीचा. 'आयपीकॉन्फिग /रिलीज' आणि मग 'आयपीकॉन्फिग /रिन्यू' देऊन पाहा. दुसऱ्या कॉम्प्युटरला किंवा फोनला पत्ता मिळत असेल तर राउटर बहुधा निर्दोष आहे.

आता पिंग. ही कमांड एखाद्या पत्त्याला पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे, पाठवते आणि उत्तर किती वेळात येतं ते दाखवते. विंडोजचा पिंग चार पॅकेट पाठवून थांबतो, आणि अधूनमधून तुटणाऱ्या लाइनसाठी चार पॅकेट फारच कमी. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या शेजारी-शेजारी उघडा. एकीत गेटवेला आणि दुसरीत बाहेरच्या पत्त्याला एकाच वेळी पिंग लावा:

पिंग -टी १९२.१६८.१.१

पिंग -टी ८.८.८.८

८.८.८.८ हा गूगलचा सार्वजनिक डीएनएस आहे, १.१.१.१ हा क्लाउडफ्लेअरचाही चालेल. निदान पाच मिनिटं चालू द्या, मग कंट्रोल आणि सी दाबून थांबवा. खाली किती पॅकेट गळाले त्याची टक्केवारी येते. लिनक्स आणि मॅकवर पिंग थांबवेपर्यंत चालूच राहतो, तिथे -टी लावू नका.

या सगळ्या तपासणीत आमचा सर्वांत जास्त भरवसा या जोडचाचणीवर आहे. दोन्ही खिडक्यांत एकाच क्षणी खंड पडला तर दोष घरातला: वाय-फाय, केबल किंवा राउटर. गेटवेचं उत्तर नियमित येतंय आणि फक्त बाहेरचं गळतंय, तर राउटरच्या पुढे बघा. केबलने जोडलेल्या गेटवेचं उत्तर सहसा १ मिलिसेकंदाच्या आत येतं, वाय-फायवर थोडे मिलिसेकंद जास्त. गेटवेचाच आकडा सारखा शंभर-दोनशेवर उडत असेल, तर इंटरनेट कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. आधी नेटवर्क केबल लावून हीच चाचणी पुन्हा करा. केबलवर सुरळीत आणि वाय-फायवर खराब असेल, तर ५ गिगाहर्ट्झ बँड वापरा. २.४ वरच राहायचं असेल, तर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा चॅनल निवडा.

पिंगचे संदेश नीट वाचा. 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' म्हणजे ठरलेल्या वेळेत उत्तर आलं नाही. 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' म्हणजे पुढे जायला वाटच सापडली नाही, आणि हे कोणी कळवलं तो पत्ता त्याच ओळीत असतो. तो आपलाच असेल तर पॅकेट घराबाहेरही पडलेलं नाही. इथे विंडोज फसवतं: असं उत्तरसुद्धा 'मिळालं' म्हणून मोजलं जातं आणि शेवटी गळती ० टक्के दिसते. म्हणून नुसती टक्केवारी पाहून पुढे जाऊ नका.

दोष राउटरच्या पुढे आहे असं दिसलं की पॅकेट कोणकोणत्या टप्प्यांतून जातं ती वाट ट्रेसर्टने तपासायची. कमांडचं स्पेलिंग टी-आर-ए-सी-ई-आर-टी. लिनक्स आणि मॅकवर ट्रेसरूट.

ट्रेसर्ट -डी ८.८.८.८

-डी लावल्याने प्रत्येक टप्प्याचं नाव शोधण्यात वेळ जात नाही. पहिली ओळ आपला राउटर, त्यापुढचे टप्पे कंपनीचे. दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत १० किंवा १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर घाबरू नका, ते कंपनीचं अंतर्गत जाळं असतं. मधल्या ओळीत तीन तारे दिसले तरी तो बिघाड नव्हे. अनेक राउटर अशा चाचणीला उत्तर देत नाहीत किंवा सवडीने देतात, पण आपला डेटा पुढे नेण्याचं काम चोख करत असतात. नियम असा: वाढलेला वेळ एखाद्या टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला, तरच त्याची दखल घ्या. एकाच ओळीत २०० आणि पुढच्या ओळीत परत १५, तर ती ओळ सोडून द्या. अंतराचाही हिशेब ठेवा. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरमागे जाऊन-येऊन १ मिलिसेकंद लागणारच. दुसऱ्या खंडातल्या सर्व्हरला दीडशे मिलिसेकंद लागले तर तो दोष नाही.

८.८.८.८ ला पिंग सुरळीत आणि तरी एकही साइट उघडत नाही, असं असेल तर पहिला संशय डीएनएसवर घ्या. त्याला थेट विचारणाऱ्या कमांडचं स्पेलिंग एन-एस-एल-ओ-ओ-के-यू-पी.

एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग

एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग १.१.१.१

पहिली कमांड सध्याच्या डीएनएसला विचारते, दुसरी क्लाउडफ्लेअरला. पहिली अडकली आणि दुसरीने पत्ता दिला, तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये डीएनएस बदला, मग 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' चालवा. उत्तरात 'नॉन-ऑथोरिटेटिव्ह अॅन्सर' असं येतं, ती चूक नाही. दोन्ही उत्तरं बरोबर असूनही साइट उघडत नसेल, तर व्हीपीएन आणि प्रॉक्सी बंद करून पाहा. कॉम्प्युटरची तारीख-वेळही बघा. ती चुकली की सुरक्षित साइट प्रमाणपत्राची तक्रार करत अडतात.

तुटत नाही, पण हळू आहे? गिगाबिट पोर्टला केबल लावूनही वेग १०० एमबीपीएसच्या खालीच अडतोय, तर केबलची एखादी जोडी तुटलेली असण्याची शक्यता मोठी. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोन पुरतात, त्यामुळे जोडणी गुपचूप खालच्या वेगावर येते. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड दिसतो, तिथे खात्री करा आणि केबल बदला. व्हिडिओ कॉल तेवढे अडकत असतील, तर पिंग चालू ठेवून मोठी फाइल अपलोड करा. एरवी २० असणारा आकडा त्या वेळी काहीशेवर गेला, तर राउटरमध्ये पॅकेटची रांग साचते आहे. राउटरमध्ये क्यूओएसची (वेगाची वाटणी ठरवण्याची) सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा.

तक्रार करायची वेळ आलीच, तर केबलवर घेतलेलेच आकडे द्या. निकाल फाइलमध्ये ठेवायला पिंग -एन ३०० ८.८.८.८ लिहून पुढे मोठेपणाचं चिन्ह (>) आणि फाइलचं नाव टाका. पाच मिनिटांनी नोंद तयार होते. गेटवेची अशीच नोंद सोबत जोडा आणि दोन्हींवर तारीख-वेळ लिहा. त्रास ठरावीक वेळीच होत असेल, तर त्या वेळची एक आणि शांत वेळेची एक, अशा दोन्ही नोंदी पाठवा.