सायकलची सीट घसरते? बोल्ट आणखी आवळू नका

बंदरावरून मासळी घेऊन निघणाऱ्या जुन्या लोखंडी सायकलींचं एक दुखणं ठरलेलं असतं: सकाळी वर केलेली सीट दुपारपर्यंत दोन बोटं खाली. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पान्याला पाइपाचा तुकडा लावून बोल्ट आवळणं. फ्रेमचा नाश तिथूनच सुरू होतो.

सीटचा पिलर, म्हणजे सीटखालची उभी दांडी, फ्रेमच्या ज्या सांध्यात उतरतो त्याला मागे एक उभी फट असते आणि फटीच्या दोन्ही अंगांना एकेक कान. बोल्टने कान जवळ ओढले की सांधा पिलरभोवती घट्ट होतो. पिलर बारीक पडला असेल तर कान जास्त वाकतात. ते एकमेकांना टेकले की पुढचा सगळा जोर कानांतच जिरतो, पिलरला काहीच मिळत नाही. त्यापुढे आवळलं तर एक तर बोल्टचे आटे जातात, नाहीतर फटीच्या खालच्या टोकाला तडा जातो. म्हणून आधी बघा: बोल्ट घट्ट असताना फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसते का? कान टेकलेले असतील किंवा वर मिटून खाली उघडे असतील, तर दोष बोल्ट ढिला असण्याचा नाही.

मग माप घ्या, आणि इथेच दुसरी चूक होते. व्हर्निअर (मिमीचे अंश मोजणारं माप) सांध्याच्या तोंडाशी लावला तर आवळून दबलेल्या भागाचं माप येतं, म्हणजे खऱ्यापेक्षा कमी. त्या मापाने पिलर आणला की तोही घसरतो. बोल्ट काढा, आतला गंज आणि फटीच्या कडेची धार साफ करा, आणि शक्य तितक्या आतलं माप घ्या. एकदा फटीच्या दिशेने, एकदा तिला आडवं. पिलरही दोन ठिकाणी मोजा: नेहमी आवळला जातो तिथे आणि कधीच न आवळलेल्या खालच्या टोकाला. खाली 25.4 मिमी आणि वर 25.1 मिमी आलं, तर फ्रेमला हात लावायची गरज नाही. झिजलाय तो पिलर, आणि नवा पिलर हा यातला सगळ्यात स्वस्त उपाय. पिलर 0.2 मिमीच्या टप्प्याने मिळतात, त्यामुळे ‘साधारण एक इंची’ सांगून आणू नका.

पेयाच्या डब्याचा पत्रा गुंडाळण्याची युक्ती खोटी नाही. तो पत्रा सुमारे 0.1 मिमी जाड असतो, एक वेढा दिला की व्यास 0.2 मिमी वाढतो. पण तो अॅल्युमिनियम. पोलादाला चिकटून खारं पाणी मिळालं की तो पांढरा भुगा धरतो आणि पिलर आत असा अडकतो की उपटता येत नाही. ग्रीस लावून तात्पुरता चालवा, पावसाळ्यापूर्वी काढा.

वाकलेले कान स्क्रू-ड्रायव्हर ठोकून उघडू नका, ते एकाच जागी मुरडतात. योग्य मापाचा पिलर आत ठेवा, म्हणजे सांधा गोल राहील. मग स्क्रू पान्याने एकेक कान पकडून थोडा थोडा मागे घ्या. तडा दिसला तर तिथेच थांबा.

तडा गेल्यावर खिडक्यांचे ग्रिल करणाऱ्याकडे इलेक्ट्रिक वेल्डिंग करून घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जुने सांधे बहुधा पितळाने जोडलेले असतात. पितळ मिसळलेल्या जागी वेल्ड धड धरत नाही आणि शेजारची पातळ नळी करपते. तड्याच्या टोकाला 3 मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे पळत नाही, आणि गॅसवर पितळी काडीने भरून घ्या. हे काम येणारा शोधावा लागतो, पण शोधा.

बोल्टचं थोडक्यात. मूळ बोल्टच्या डोक्याखाली बऱ्याचदा एक खुंटी असते, ती कानाच्या खाचेत बसून बोल्ट फिरू देत नाही. अशा बोल्टच्या जागी हार्डवेअरचा कुठलाही बोल्ट घातला की तो फिरून कानातलं भोक खातो. डोक्यावर 8.8 ही मजबुतीची खूण असलेला घ्या. स्टेनलेस घ्यायचा मोह किनाऱ्यावर होणारच, पण स्टेनलेसचे बोल्ट-नट कोरडे आवळले तर एकमेकांना कायमचे चिकटतात, ग्रीस हवंच. कॅरिअरची पट्टी याच बोल्टवर अडकवली असेल तर ती दुसरीकडे न्या. कॅरिअरवरच्या मासळीच्या पेटीचं वजन प्रत्येक खड्ड्यात बोल्ट हलवतं.

ग्रीस लावलं तर पिलर घसरेल, ही भीती खोटी. मापाचा पिलर ग्रीस लावूनही घसरत नाही. पिलर निदान 65 मिमी आत आणि आडव्या दांड्याच्या सांध्याच्या खालपर्यंत गेलेला हवा.

फट मागे असते, त्यामुळे मागच्या चाकाचं पाणी आणि पेटीतल्या बर्फाचं खारट पाणी सरळ तिच्यात उतरतं, उभ्या नळीतून खाली पेडलच्या एक्सलपर्यंत. जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा सीट चढवण्यापूर्वी पिलरवर सरकवा आणि फट झाकली जाईल असा खाली ओढा. 1 जूनपासून मासेमारी बंद होते तेव्हा पिलर बाहेर काढून, नळी कोरडी करून, नवं ग्रीस लावायला वेळच वेळ असतो.