मोबाईलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसचं व्हीपीएन अडतंय? आधी हे बघा

आमच्या गावात फायबर अजून पोचलेलं नाही, त्यामुळे गणपतीला किंवा मे महिन्यात घरी गेलं की ऑफिसचं काम फोनच्या हॉटस्पॉटवरच. आणि दरवेळी कुणीतरी विचारतंच, की यूट्यूब मस्त चालतंय, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची सुरक्षित वाट) लावलं की मात्र सगळं ठप्प, असं का? मी स्वतः यात पूर्ण दोन दिवस घालवलेत, फोन घेऊन माडीवर जा, अंगणात जा, खिडकीत ठेवून बघ, कारण डोक्यात एकच की रेंज कमी पडतेय. रेंज चांगली होती, पॅकेट (डेटा ज्या तुकड्यांत जातो तो एक तुकडा) मोठं जात होतं. ते कसं ते खाली सांगतो, पण आधी छोट्या गोष्टी उरकून घ्या.

व्हीपीएन बंद करून दोन-तीन साइट उघडून बघा. रोजचा दीड-दोन जीबीचा कोटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये स्पीड ६४ केबीपीएसवर येतो, त्यात व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज जातो पण व्हीपीएनचं लॉगिन टाइमआउट होतं. विंडोज अपडेटच गुपचूप डेटा खात असतं, म्हणून लॅपटॉपच्या वायफाय सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटसाठी मीटर्ड कनेक्शन ऑन करून ठेवा. लॅपटॉपची तारीख-वेळ बरोबर आहे ना तेही बघा, घड्याळ चुकलं तर सर्टिफिकेट नाकारलं जातं. आणि व्हीपीएन लॅपटॉपवरच लावा. अँड्रॉइड फोनवर व्हीपीएन चालू करून हॉटस्पॉट दिला तर साधारणपणे लॅपटॉपचा ट्रॅफिक त्या व्हीपीएनमधून जातच नाही, यात खूप जण फसतात.

आता मुख्य प्रश्न. कनेक्टेड असं येतंय, की तिथपर्यंत पोचतच नाही? दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

कनेक्टच होत नसेल तर

एरर नंबर बघा. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनवर ६९१ आला तर युजरनेम-पासवर्डची बाजू तपासा, नेटवर्कला हात लावू नका. ८०९ आला तर सर्व्हरपर्यंत वाट मिळत नाहीये. मोबाईल नेटवर्कवर तुम्हाला स्वतःचा पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) सहसा नसतोच, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात, त्याला सीजीनॅट म्हणतात. पीपीटीपी नावाचं जुनं व्हीपीएन जीआरई नावाच्या प्रोटोकॉलवर चालतं, त्यात पोर्ट नंबर (कुठला ट्रॅफिक कुणाचा ते ओळखायचा आकडा) नसल्यामुळे अशा नॅटमधून, म्हणजे एकाच पत्त्याच्या वाटणीतून, ते अडकतं. अ‍ॅपलने तर २०१६ मध्ये आयओएस १० पासून ते काढूनच टाकलं, तुमच्याकडे अजून तेच असेल तर आयटीवाल्यांच्या मागे लागा. आयपीसेक प्रकारच्या व्हीपीएनला यूडीपी (डेटा पाठवायची एक पद्धत, टीसीपी ही दुसरी) ५०० आणि ४५०० हे दोन पोर्ट मोकळे लागतात. ओपनव्हीपीएन हा प्रकार यूडीपी ११९४ वर अडत असेल तर टीसीपी ४४३ वरचं प्रोफाइल मागून घ्या, वेबसाइटचा ट्रॅफिक त्याच पोर्टवरून जातो त्यामुळे तो सहसा कुणी बंद करत नाही. स्पीड थोडा पडतो पण काम होतं.

कनेक्टेड दाखवतंय, पण काहीच उघडत नाही

हाच माझा दोन दिवसांचा त्रास. लक्षणं अशी असतात, पासवर्ड घेतला, हिरवा टिक आला, ऑफिसच्या सर्व्हरला पिंगही (उत्तर येतं का ते बघायची छोटी हाक) लागतं, पण रिमोट डेस्कटॉपची काळी स्क्रीन येऊन बसते, मेलची यादी दिसते आणि अ‍ॅटॅचमेंट फिरतच राहते. छोटी पॅकेट जातात, मोठी वाटेत गळतात, म्हणून असं होतं. घरच्या वायफायवर एक पॅकेट साधारण १५०० बाइटचं चालतं, मोबाईल नेटवर्कमध्ये ही मर्यादा बऱ्याचदा त्याहून कमी असते, आणि व्हीपीएन प्रत्येक पॅकेटवर स्वतःचं वेष्टन चढवतं, वायरगार्ड नावाच्या व्हीपीएनचं आयपीव्ही४ (पत्त्यांची जुनी पद्धत) वर ६० आणि आयपीव्ही६ (नवी पद्धत) वर ८० बाइट. पॅकेटच्या आकाराच्या मर्यादेला एमटीयू म्हणतात. पॅकेट मावलं नाही तर 'छोटं करून पाठव' असा निरोप परत यायला हवा, पण वाटेतली फायरवॉल तो निरोपच टाकून देते आणि लॅपटॉप वाट बघत बसतो.

मोजायचं कसं? व्हीपीएन बंद करा, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ping -f -l 1472 8.8.8.8 असं टाइप करा (f नंतरचं अक्षर एल आहे, एक नाही). फ्रॅगमेंट करायला हवं असं उत्तर आलं किंवा टाइमआउट झाला तर आकडा दहा-दहाने उतरवत जा. जो सगळ्यात मोठा आकडा जातो त्यात २८ मिळवा, तो तुमच्या लाइनचा एमटीयू. म्हणजे १४०० गेला तर १४२८. यातून व्हीपीएनच्या वेष्टनाचे ८०-१०० वजा करा आणि वर थोडी जागा मोकळी सोडा. मी सरळ १२८० ठेवतो, आयपीव्ही६ ला त्याच्या खाली चालत नाही आणि मोबाईलवर हा आकडा मला कधी नडला नाही.

वायरगार्डमध्ये कॉन्फिगच्या इंटरफेस भागात एमटीयूची एक ओळ टाकायची, ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएसफिक्स (पॅकेट छोटं ठेवायचं सेटिंग) १३०० लावायचं. बाकी क्लायंटसाठी विंडोजमध्ये नेटएसएच या कमांडने व्हीपीएनच्या अ‍ॅडॉप्टरचा एमटीयू बदलता येतो, फक्त अ‍ॅडमिन म्हणून उघडावं लागतं, आणि काही क्लायंट पुन्हा कनेक्ट करताना तो जुन्यावर नेतात, तेव्हा एकदा बघून घ्या. मी हे बदललं आणि काळी स्क्रीन त्याच मिनिटाला गेली.

एवढं करूनही उघडत नसेल तर ऑफिसचा सर्व्हर नावाऐवजी आयपीने उघडून बघा. आयपीने उघडला तर गडबड डीएनएसची, म्हणजे नावावरून पत्ता शोधणाऱ्या यंत्रणेची. आणखी एक कारण नजरेतून सहज सुटतं, आयफोनचा हॉटस्पॉट १७२.२०.१० ने सुरू होणारे पत्ते देतो, ऑफिसचं नेटवर्कही त्याच पत्त्यांमध्ये असेल तर लॅपटॉपला कळत नाही कुठे पाठवायचं. अशा वेळी अँड्रॉइड फोनचा हॉटस्पॉट लावून बघा, लगेच फरक कळेल.

मध्येच तुटतंय

पाच-दहा मिनिटं काही केलं नाही की तुटत असेल तर मोबाईल नेटवर्कने तुमची नॅटमधली नोंद पुसलेली असते. वायरगार्डला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (कनेक्शन जागं ठेवायला ठराविक वेळाने जाणारं पॅकेट) २५ सेकंद ठेवा, बाकीच्यांतही कीपअलाइव्हचा पर्याय असतो. फोन ४जी-५जी मध्ये उड्या मारत असेल तर ४जीवर लॉक करा. वायफायऐवजी यूएसबी टेदरिंग लावा, फोन चार्जही होतो आणि घरातला वायफायचा गोंधळही राहत नाही.

एपीएनला (फोनमधलं मोबाईल डेटाचं सेटिंग) हात सगळ्यात शेवटी लावा. तिथे प्रोटोकॉल आयपीव्ही४/आयपीव्ही६ असतो, तो नुसता आयपीव्ही४ करून काही वेळा व्हीपीएन लागतं, पण जिओसारख्या नेटवर्कवर आयपीव्ही६ चा वापर खूप आहे, तिथे नेटच गेलं तर घाबरू नका, जुनं परत ठेवा. म्हणून बदलायच्या आधी त्या स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

तरीही नाही जमलं तर हेल्पडेस्कला फोन करताना नुसतं चालत नाही असं सांगू नका. एरर नंबर, किती वाजता झालं, दुसऱ्या कंपनीच्या सिमवर चालतं का, आणि पिंगमध्ये शेवटचा कुठला आकडा गेला, एवढं लिहून द्या. माझ्या वेळी तो १४०० चा आकडा सांगितल्यावर तिकडच्या माणसाने सर्व्हरवरच सेटिंग बदललं आणि गावाहून काम करणाऱ्या आमच्या टीममधल्या बाकी तिघांचंही सुरू झालं.