शेवटच्या विहिरीपासून सुरुवात: स्मार्ट ग्रिड परदेशात शिकताना

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दिग्रस तालुक्यात आहे. हरभऱ्याला आणि गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत रात्री थ्री-फेज लाइन आली की आमच्या डीपीवरच्या, म्हणजे रोहित्रावरच्या, दहाही विहिरींच्या मोटरी एकाच क्षणी सुरू होत असत, कारण प्रत्येक स्टार्टरला ऑटोस्विच बसवलेला होता आणि थंडीत मध्यरात्री उठून वावरात जाण्याची कुणाचीही तयारी नसे. बहुतेक रात्री थोड्याच वेळात फ्यूज जात असे. एखाद्या रात्री मोटरचे वायंडिंग जळत असे आणि हंगामात एकदा तरी डीपीच जळत असे. स्मार्ट ग्रिड, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा स्वतःहून जुळवून घेणारे वीजजाळे, हा शब्द मी ऐकण्याच्या कितीतरी आधी त्याचा मूळ प्रश्न माझ्या अंगणापर्यंत येऊन पोहोचला होता, हे मला फार उशिरा उमगले. परदेशातील प्रशिक्षणाच्या तयारीत असलेल्या आपल्या भागातील मुलामुलींनी ही सुरुवात लवकर करावी, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

हिशेब साधा आहे. आमचे रोहित्र ६३ केव्हीएचे आहे, म्हणजे लघुदाब (कमी व्होल्टेजच्या, विहिरींकडे जाणाऱ्या) बाजूला ते सुमारे ८४ ॲम्पियर देऊ शकते. पाच अश्वशक्तीची एक मोटर चालू असताना साधारण साडेसात ॲम्पियर घेते, म्हणजे दहा मोटरींचे पंचाहत्तर होतात आणि रोहित्र ते सोसते. परंतु थेट सुरू होणारी मोटर पहिले काही सेकंद पाच ते सात पट करंट ओढते. दहाही एकदम सुरू झाल्या की मागणी चारशे ॲम्पियरच्या वर जाते, व्होल्टेज कोसळते आणि मोटर वेग घेऊ शकत नाही. व्होल्टेज ४१५ वरून ३०० वर आले तर मोटरचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याची ताकद, जवळपास निम्मा होतो, कारण तो व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. वेग न घेतल्यामुळे जास्तीचा करंट वाहतच राहतो. याचा सर्वांत मोठा फटका लाइनीच्या टोकावरच्या विहिरीला बसतो.

पदवीनंतर मी जर्मनीत पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले. २०१३ साली अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बायर्न (बव्हेरिया) या जर्मन राज्याच्या ग्रामीण भागातील एका वितरण कंपनीत सहा महिने काम करण्याची संधी मिळाली. तेथील गोठ्यांची आणि धान्यकोठारांची छपरे सौर पॅनेलांनी झाकलेली होती. मला पहिले काम मिळाले ते एका गावातील लघुदाब लाइनीच्या नोंदी तपासण्याचे. युरोपातील मानकानुसार आठवड्यातील ९५ टक्के वेळ दहा मिनिटांची सरासरी २३० व्होल्टच्या दहा टक्के खाली-वर, म्हणजे २०७ ते २५३ व्होल्टच्या आत राहावी लागते. उन्हाळ्यात दुपारी टोकाच्या शेतघराजवळची सरासरी वरच्या मर्यादेला भिडत होती. आमच्याकडे शेवटच्या विहिरीपर्यंत व्होल्टेज पोहोचत नाही, तर तेथे शेवटच्या घराजवळ ते मावत नव्हते. तारेचा रोध तोच, ओमचा नियम तोच. फक्त विजेचा प्रवाह उलट दिशेने, छपरांकडून रोहित्राकडे, वाहत होता. भार चालू असतानाच टॅप बदलून व्होल्टेज कमी-जास्त करणारे रोहित्र आणि रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण व्होल्टेजवर परिणाम करणारी वीज) घेऊन व्होल्टेज खाली ओढणारे इन्व्हर्टर, म्हणजे सौर पॅनेलची डीसी वीज एसी करणारी यंत्रे, हे दोन उपाय मी तेथे पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले.

मात्र त्या सहा महिन्यांत मनात खोलवर रुतला तो ५०.२ हर्ट्झचा प्रश्न. जुन्या नियमानुसार जर्मनीतील लहान सौर प्रकल्पांनी ग्रिडची वारंवारता (एरवी ५० हर्ट्झ) ५०.२ हर्ट्झच्या वर गेली की ताबडतोब बंद व्हावे, असे ठरलेले होते. प्रकल्प मोजके होते तोपर्यंत त्यात काही बिघडत नव्हते. पण त्यांची संख्या लाखांत गेली, तेव्हा ऐन दुपारी तो आकडा ओलांडला गेला तर कित्येक हजार मेगावॅट एका क्षणात नाहीसे होतील, असे चित्र उभे राहिले. आणि युरोपच्या जोडलेल्या ग्रिडची तातडीची राखीव क्षमता ३,००० मेगावॅटच्या आघातासाठी आखलेली आहे. म्हणून २०१२ मध्ये नवा नियम आला आणि दहा किलोवॅटवरील तीन लाखांहून अधिक प्रकल्पांच्या इन्व्हर्टरमध्ये बदल करण्याचे काम हाती घेण्यात आले. जे इन्व्हर्टर वारंवारतेनुसार उत्पादन हळूहळू उतरवू शकत होते त्यांना तसे शिकवले गेले. ज्यांना ते जमत नव्हते त्यांना बंद होण्यासाठी वेगवेगळ्या वारंवारता वाटून देण्यात आल्या, जेणेकरून सारे एकदम सुटणार नाहीत. या वाटपाचा तक्ता हातात आला त्या संध्याकाळी मला आमच्या डीपीवरचे दहा ऑटोस्विच डोळ्यांसमोर दिसू लागले. तेथे सगळे एकदम बंद होण्याची भीती होती आणि आमच्याकडे सगळे एकदम सुरू होत होते, एवढाच काय तो फरक.

सुरक्षेविषयी एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. उपकेंद्रात पाऊल ठेवण्यापूर्वी पाच नियम जर्मन भाषेत, क्रमाने आणि न अडखळता म्हणून दाखवावे लागत: पुरवठा पूर्ण तोडा, तो पुन्हा जोडला जाणार नाही याची व्यवस्था करा, व्होल्टेज नसल्याची खात्री करा, अर्थिंग करून फेज शॉर्ट करा, शेजारचे जिवंत भाग झाका. पहिल्या दिवशी मी चौथा नियम विसरले. पर्यवेक्षकांनी आवाज न चढवता मला फाटकाबाहेर थांबवले आणि मी दिवसभर बाहेरच राहिले. त्यांचे म्हणणे मला तेव्हाच पटले, कारण परमिट, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची लेखी परवानगी, घेऊन खांबावर चढलेला आमच्या पंचक्रोशीतील एक वायरमन कुणाच्या तरी जनरेटरमधून उलट आलेल्या विजेने गेला, तेव्हा मी शाळेत होते. आता तर दर दुसऱ्या छपरावर वीज तयार होऊ लागली आहे. हे पाच नियम भाषा शिकतानाच पाठ करावेत.

त्यानंतर २०१४ च्या हिवाळ्यात तीन महिने मी डेन्मार्कमध्ये होते. बाल्टिक समुद्रातील बॉर्नहोम या सुमारे चाळीस हजार वस्तीच्या बेटावर २०११ ते २०१५ या काळात इकोग्रिड हा युरोपीय प्रयोग झाला. त्यात जवळपास दोन हजार ग्राहकांना दर पाच मिनिटांनी बदलणारा विजेचा भाव कळवला जाई आणि वारा भरपूर असताना, म्हणजे वीज स्वस्त असताना, घरातील हीटर आणि हीट पंप आपोआप चालत. घर एकदा तापले की तास-दोन तास ऊब टिकते, त्यामुळे हीटर थोडा वेळ थांबला तरी कुणाचे अडत नाही. ओलिताचेही असेच आहे: हरभऱ्याला पाणी रात्री दहाला मिळाले काय किंवा साडेदहाला मिळाले काय, पिकाला फरक पडत नाही. कृषिपंपाकडे ग्रिडवरचे ओझे म्हणून पाहण्याची सवय मला महाविद्यालयात लागली होती. ती त्या बेटावर सुटली. अर्थात स्वस्ताईचा संदेश सर्वांना एकाच क्षणी गेला तर सारे हीटर एकाच क्षणी सुरू होतात, आणि तोच जुना प्रश्न नव्या वेशात समोर येतो.

आता तयारीविषयी. पदवीच्या काळातच जायचे असेल तर तांत्रिक विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणांची देवाणघेवाण करणाऱ्या, १९४८ साली स्थापन झालेल्या आयएईएसटीई या संस्थेचा मार्ग पाहावा. जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला सध्या वर्षात १४० पूर्ण दिवस काम करता येते आणि अभ्यासक्रमात सक्तीचे असलेले प्रशिक्षण त्यात मोजले जात नाही. म्हणून प्रवेश घेतानाच कोणते प्रशिक्षण सक्तीचे आहे हे लेखी विचारून घ्यावे. अर्जासोबत गुणपत्रिका सगळेच जोडतात. माझ्या मते त्यापेक्षा अधिक बोलते ते आपल्या स्वतःच्या डीपीचे संगणकावरील प्रतिरूप. सुट्टीत गावी गेल्यावर लघुदाब लाइनीचे खांब मोजावेत, दोन खांबांतील अंतर टेपने घ्यावे, तार ‘वीझल’ आहे की ‘रॅबिट’ (तारेच्या जाडीचे प्रकार) हे वायरमन काकांना विचारावे, प्रत्येक मोटरची अश्वशक्ती लिहून घ्यावी आणि ते सारे ओपनडीएसएस किंवा पँडापॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये भरावे. मी हे काम जर्मनीत गेल्यानंतर, फोनवर वडिलांकडून खांब मोजून घेऊन केले. आधी केले असते तर पहिल्या दोन महिन्यांत कितीतरी नेमके प्रश्न विचारता आले असते.

परत आल्यावर पहिल्याच रब्बीत मी दहाही शेतकऱ्यांना आमच्या ओसरीवर बोलावले आणि ऑटोस्विचच्या जोडीला टाइमर बसवून मोटरी एकेक मिनिटाच्या अंतराने सुरू कराव्यात, असे सुचवले. वडिलांच्या वयाचे एक काका बराच वेळ ऐकत होते. मग ते म्हणाले, "थे सारं खरं हाय पोरी, पन पयलं पाणी कोनाच्या वावरात जाईन, थे सांग." या प्रश्नाचे उत्तर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये होते, पण तसे कुणी विचारेपर्यंत मी ते शोधले नव्हते. टोकावरच्या विहिरीची मोटर सर्वांत आधी सुरू करावी, कारण लाइन मोकळी असतानाच तिला पुरेसे व्होल्टेज मिळते. डीपीच्या बुडाशी असलेली मोटर शेवटी लावली तरी ती वेग घेते. ज्यांची विहीर डीपीला लागून होती त्यांना हा क्रम मान्य होण्यास तीन बैठका लागल्या आणि त्यांची नाराजी रास्तच होती, कारण आजवर त्यांचेच पाणी कधी चुकले नव्हते. शेवटी त्यांनीच आपल्या टाइमरवर नऊ मिनिटे लावून घेतली. त्या हंगामात सुरू होताना फ्यूज गेला तो दोनदाच, आणि दोन्ही वेळा एकेका टाइमरची वायर सुटलेली होती.

आता परिस्थिती पुन्हा बदलत आहे. २०१७ साली सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये नव्याने आखलेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पांतून कृषी फीडरला (शेतीपंपांच्या वेगळ्या वीजवाहिनीला) दिवसा वीज देण्याचे काम राज्यभर चालू आहे. म्हणजे बायर्नमध्ये मी जे प्रश्न पाहिले, ते आता आपल्या वावरांच्या बांधावर येणार आहेत आणि ते सोडवण्यासाठी येथीलच माणसे लागणार आहेत. आमच्या डीपीवरच्या दोन विहिरींवर यंदा सौर पंप बसले, त्यामुळे क्रमातील दोन जागा रिकाम्या झाल्या आहेत आणि तिसऱ्या एका शेतात नवी बोअर झाली आहे. वही काढून ठेवली आहे. या हिवाळ्यात गावी गेल्यावर शेवटच्या विहिरीवरचे व्होल्टेज पुन्हा मोजून नवा क्रम लावायचा आहे.