एका पॅकेटने बंद पडणारा सर्व्हर : सुरक्षा क्षेत्रात येणाऱ्यांसाठी

सायबर सुरक्षेत काम करू इच्छिणारे विद्यार्थी बहुतेक वेळा पहिला प्रश्न विचारतात तो टूल्सचा. टूल्स कामाच्या ओघात येतातच. त्याआधी एखादी जुनी, जाहीर होऊन दुरुस्त झालेली त्रुटी निवडावी आणि ती सोर्स कोडपर्यंत जाऊन समजून घ्यावी, असे मी त्यांना आग्रहाने सांगतो. त्यासाठी मी सुचवतो ती बाइंड या डीएनएस सॉफ्टवेअरमधली, म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा इंटरनेट पत्ता शोधून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधली, सीव्हीई-२०१५-५४७७ (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या त्रुटीला दिला जाणारा क्रमांक).

ती २०१५ च्या जुलैअखेरीस जाहीर झाली तेव्हा मी एका इंटरनेट कंपनीत डीएनएस सर्व्हर सांभाळणाऱ्या चमूत होतो. ‘डिनायल ऑफ सर्व्हिस’, म्हणजे सेवा बंद पाडणारा हल्ला, म्हटले की हजारो संगणकांकडून येणारा ट्रॅफिकचा लोंढा डोळ्यांसमोर येतो. इथे मात्र कुठूनही पाठवलेले एकच यूडीपी पॅकेट (आधी जोडणी न करता पाठवता येणारा छोटा संदेश) पुरेसे होते. डीएनएसमध्ये दोन टोकांना आपापसात गुप्त किल्ली ठरवण्यासाठी टीकी नावाची विनंती करता येते. ती आली की बाइंड तिची नोंद आधी संदेशाच्या ‘अ‍ॅडिशनल’ विभागात शोधते आणि तिथे न मिळाल्यास ‘आन्सर’ विभागात. दोन्ही वेळा एकच फंक्शन वापरले जाते, आणि नाव ठेवण्यासाठी त्याला दिलेला पॉइंटर (मेमरीतील जागेचा पत्ता ठेवणारे चल) रिकामाच असला पाहिजे, अशी त्या फंक्शनची अट असते. आता पहिल्या विभागात नाव जुळले, पण नोंद टीकी प्रकारची नसली, तर शोध फसतो आणि पॉइंटर मात्र भरलेला राहतो. दुसऱ्या शोधाच्या वेळी अट मोडते आणि सगळी सेवा थांबते. यावरची दुरुस्ती एका ओळीची होती : दुसऱ्या शोधाआधी पॉइंटर रिकामा करणे.

इथे प्रोग्राम कोसळत नाही, तो स्वतःहून थांबतो, हे नीट लक्षात घ्यावे. मेमरीची स्थिती अपेक्षेबाहेर गेल्यावरही काम चालू ठेवले, तर हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळू शकते. म्हणून अट मोडताच थांबायचे, हा बाइंड लिहिणाऱ्यांनी जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. तो मला योग्य वाटतो. पण जिथे बाहेरून आलेला मजकूरच ती अट मोडू शकतो, तिथे हीच सावधगिरी सेवा बंद पाडण्याचे साधन होते, आणि डीएनएस बंद पडला की वेबसाइट, मेल, पैशांचे व्यवहार हे सारे ग्राहकाच्या दृष्टीने बंदच असते.

या त्रुटीवर तात्पुरता उपाय नव्हता. कोणाच्या विनंतीला उत्तर द्यायचे हे ठरवणाऱ्या अ‍ॅक्सेस लिस्ट तपासल्या जाण्याआधीच त्रुटी असलेला कोड चालून जात असे. त्यामुळे बाइंडच्या ९.९.७-पी२ किंवा ९.१०.२-पी३ या दुरुस्त आवृत्तीवर जाणे, अथवा आपल्या लिनक्स वितरकाने दिलेले सुधारित पॅकेज बसवणे, एवढाच मार्ग होता. वितरक पुष्कळदा तीच दुरुस्ती जुन्या आवृत्तीत बसवून देतात, त्यामुळे मूळ आवृत्तीचा आकडा बदलत नाही आणि त्रुटी शोधणारा स्कॅनर सुरक्षित सर्व्हरलाही धोकादायक ठरवतो. नव्याने नोकरीला लागलेल्यांचा गोंधळ इथेच सर्वाधिक होतो. आकड्यावर विसंबू नये, पॅकेजचा चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, उघडून त्यात सीव्हीई क्रमांक शोधावा.

सरावासाठी दोन व्हर्च्युअल मशीन बाहेरच्या जगापासून तोडलेल्या नेटवर्कवर ठेवावीत, जुने बाइंड स्वतः कंपाइल करावे आणि ते डीबगरखाली, म्हणजे चालू प्रोग्राम आतून तपासणाऱ्या टूलखाली, चालवावे. लॉगमध्ये मेसेज डॉट सी या फाइलचे नाव, मोडलेली अट आणि पाठोपाठ असर्शन (कोडमध्ये घातलेली अट) फसल्यामुळे बाहेर पडत असल्याची ओळ दिसते. त्या ओळीपासून बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणते बोलावले याची साखळी) धरून मागे मागे जात टीकीच्या कोडपर्यंत पोहोचणे, हा खरा अभ्यास. दुसऱ्याच्या सर्व्हरवर हा प्रयोग कधीही करू नये. परवानगीशिवाय एखाद्याची सेवा बंद पाडणे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. अप्रामाणिक हेतू असल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

यानंतर ऑक्टोबर २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एचटीटीपी/२ रॅपिड रीसेट या त्रुटीकडे वळावे (एचटीटीपी/२ म्हणजे ब्राउझर आणि वेब सर्व्हर यांच्यातील प्रोटोकॉल). तिथे चूक एका ओळीत नव्हती. विनंती करून लगेच रद्द करण्याची मुभा प्रोटोकॉलमध्येच होती; रद्द झालेली विनंती एका वेळी चालू असू शकणाऱ्या विनंत्यांच्या मर्यादेत मोजली जात नसे, पण सर्व्हरचे श्रम मात्र होऊन जात. गूगलने या पद्धतीने झालेल्या हल्ल्यात सेकंदाला ३९.८ कोटी विनंत्या नोंदवल्या.

पुढे कधी स्वतःला नवी त्रुटी सापडली, तर ती आधी उत्पादकाला किंवा सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला कळवावी. कळवताना बाधित आवृत्ती, नेमकी कोणती अट मोडते आणि ती पुन्हा घडवण्याचे टप्पे लिहावेत, आणि दुरुस्ती बाहेर येईपर्यंत तपशील उघड करू नयेत.